राखेच्या वाळवंटातील अन्नजाळे

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) या कादंबरीतील अराकिस हा ग्रह म्हणजे एक अखंड वाळवंट. विज्ञानकथांत वाळवंटी ग्रहांना तोटा नाही. पण तिथे कोण काय खाऊन जगतो, याचा हिशेब मांडण्याची तसदी फार थोड्या लेखकांनी घेतली आहे. हर्बर्ट यांनी ती घेतली. कादंबरीला त्यांनी या ग्रहाच्या परिस्थितिकीवर स्वतंत्र परिशिष्ट जोडले आणि पुस्तक कोरड्या प्रदेशांच्या अभ्यासकांना अर्पण केले. हा हिशेब कितपत जुळतो, आणि तोच नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेला लावला तर काय दिसते, हे येथे पाहायचे आहे.

अराकिसच्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे प्लवक आहेत. ते 'मसाला' नावाच्या मौल्यवान द्रव्याच्या कणांवर जगतात. महाकाय वाळूकिडे हे प्लवक गिळतात. प्लवकांतून वाचलेले काही जीव वाढून 'वाळूमासे' होतात आणि जमिनीखालचे पाणी अडवून धरतात. त्यांच्या विष्ठेत पाणी मिसळले की मसाल्याचे पूर्वरूप तयार होते, आणि याच वाळूमाशांपैकी काही पुढे वाळूकिडे बनतात. वर्तुळ पूर्ण झाले. वाचताना ते मोठे सुबक वाटते, आणि शंका येते ती त्या सुबकपणामुळेच. मसाल्यातून प्लवक, प्लवकांतून किडा, किड्याच्या पिल्लांतून पुन्हा मसाला. यात बाहेरून काही येताना दिसत नाही. सूर्यप्रकाश पकडणारी हिरवी वनस्पती या मूळ साखळीत कुठेच नाही.

रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली एका लहानशा तळ्याच्या अभ्यासातून दाखवले, की अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निसटतो. ढोबळमानाने दहावा हिस्साच वर पोचतो. मूलद्रव्ये फिरून परत येतात, ऊर्जा येत नाही. म्हणून आपलेच शेपूट खाणारे अन्नजाळे काही पिढ्यांत थंड पडेल. अराकिस चालू ठेवायचा तर त्या वाळूत प्रकाश किंवा रसायने वापरून अन्न तयार करणारा कोणीतरी जीव मानावाच लागतो.

हीच गफलत खऱ्या निसर्गातही झाली आहे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील निसर्गअभ्यासक हिंगस्टन यांना सुमारे २२,००० फुटांवर, झाडाचे पातेही नसलेल्या खडकांत, उड्या मारणारे छोटे कोळी सापडले. हे जगतात कशावर? एकमेकांना खात असावेत, असा तर्क त्यांनी केला. उलगडा पुढे लॉरेन्स स्वान यांनी केला. दऱ्यांतून वर चढणारा वारा परागकण, बिया, पाचोळ्याचा भुगा आणून टाकतो. त्यावर बारीक कीटक जगतात आणि कीटकांवर कोळी. ताट वाढले जाते ते हजारो फूट खालच्या रानातून.

क्राकाटोआ ज्वालामुखीने १८८३ साली बेटावरील जीवसृष्टी पुसून टाकली. नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्या पाहणी पथकाला एकच सजीव आढळला: जाळे विणत बसलेला एक इवलासा कोळी. गवत उगवण्याआधी शिकारी हजर! पाठ्यपुस्तकातला पिरॅमिड इथे शेंड्यापासून उभा राहायला लागला होता, कारण पायाची सामग्री वाऱ्यावरून येत होती.

आता एकलहरे. इथे गोदावरीकाठच्या केंद्रात सध्या २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. हा कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांवर पडलेले ऊन. भट्टीत ते ऊन काढून घेतले जाते आणि मागे उरते ती राख. जिवाला लागणारा कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही तिच्यातून जवळजवळ निघून गेलेले असतात. पाण्याबरोबर वाहून आणलेली राख तळ्यात साचते, सुकते, उन्हाळ्यात उडते. अन्नाच्या हिशेबाने पाहिले तर ही जमीन वाळूपेक्षाही कंगाल.

तरी ती ओसाड राहत नाही. देशभरातल्या राखतळ्यांवर आपोआप येणाऱ्या वनस्पती बऱ्याच अंशी ठरलेल्या आहेत: ओलीत पाणकणीस आणि बेशरम, कोरड्यात वेडी बाभूळ आणि रुई. वेडी बाभूळ मुळांवरच्या गाठींतील जीवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन बांधते, त्यामुळे तिचे येणे समजते. रुई मला अधिक रंजक वाटते. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही. तिचा चीक विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडा आणि प्लेन टायगर फुलपाखराची अळी तिच्यावरच वाढतात. फुलांवर काळे भुंगे येतात. अळी ते विष अंगात साठवते आणि फुलपाखरू होतानाही जपून ठेवते, म्हणून पक्षी त्याला टाळतात. अन्नजाळ्यातून ऊर्जेखेरीज आणखीही काही वर सरकते, हे रुईचे एक झुडूपही दाखवते.

राखेच्या बाबतीत हा मुद्दा गंभीर होतो. तिच्यात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, शिसे अल्प प्रमाणात असतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात बेल्यूज लेक नावाचा जलाशय आहे. १९७० च्या दशकात तिथल्या वीज केंद्राच्या राखतळ्याचे पाणी त्यात सोडले जाऊ लागले. पाण्यातले सेलेनियम लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतके थोडे होते. पण ते प्लवकांत साठले, त्यांच्यातून माशांत गेले आणि माशांच्या अंड्यांत उतरले. मोठे मासे पोहत होते, पिल्ले मात्र जगत नव्हती. माशांच्या २० जातींपैकी १९ नाहीशा झाल्या.

याचा अर्थ एकलहऱ्यात तसेच घडते आहे असा नाही. कोळसा वेगळा, पाणी वेगळे. पण गोदावरी इथून पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते, आणि २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरलेल्या त्या पाणथळीवर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. तेव्हा राखेचा परिणाम तपासायचा तर केवळ पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवणे अपुरे आहे. राखेवर वाढलेल्या पाणकणसाची मुळे, त्यातले किडे, त्या किड्यांवर जगणारे बेडूक आणि कोळी, काठच्या माशांची अंडी, वेड्या बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या शेळीचे दूध, असे पायरीपायरीने आणि वर्षानुवर्षे मोजायला हवे. राखेवर झाडे लावून ती हिरवी करण्याच्या योजना देशात ठिकठिकाणी आहेत. मुळे राख धरून ठेवतात, धूळ कमी होते, हे खरेच. मात्र कोणते झाड लावायचे हे ठरवताना त्याचा पाला आणि फळ कोण खाणार, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. शेळ्या ज्याला तोंड लावत नाहीत असे झाड अशा ठिकाणी आंबा-पेरूपेक्षा बरे.