गॅस शुद्ध करताना जळणारा गॅस

समुद्रतळाखालून निघणारा नैसर्गिक वायू विहिरीतून येतो तसाच शेगडीत जाळता येत नाही. त्यात मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन आणि ब्युटेन असतात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड असतो, आणि काही क्षेत्रांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही असतो. मुंबई हाय आणि वसई क्षेत्रातले हे मिश्रण समुद्राखालच्या पाइपलाइनींतून ओएनजीसीच्या उरण आणि हजिरा इथल्या संकुलांत येते. तिथे ते वेगळे केले जाते. मिथेन शहरांतल्या घरांकडे, सीएनजी पंपांकडे आणि खत कारखान्यांकडे जातो, प्रोपेन-ब्युटेन सिलिंडरमध्ये भरले जातात, तर उरणचा इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात प्लास्टिकचा कच्चा माल बनतो. या विलगीकरणाला लागणारी वाफ, वीज आणि कॉम्प्रेसरची ताकद बहुतांशी त्याच वायूतून मिळवली जाते. त्यामुळे कारखाना जितका उधळा, तितका विकायला वायू कमी उरतो आणि हवेत कार्बन जास्त जातो. इथे पर्यावरणाचे हित आणि धंद्याचे हित बऱ्याच अंतरापर्यंत एकाच दिशेने चालते.

वसई क्षेत्रातल्या हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायूला या धंद्यात ‘सावर गॅस’ म्हणतात. तो शुद्ध करण्यासाठी उंच मनोऱ्यात वरून अमाइनचे पाणीदार द्रावण सोडतात आणि खालून वायू चढवतात. साधारण ४० अंश सेल्सिअसला, भरपूर दाबाखाली, अमाइन हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड या आम्लधर्मी वायूंना धरून ठेवते. मग दुसऱ्या मनोऱ्यात ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले की धरलेले वायू सुटतात आणि अमाइन पुन्हा कामाला लागते. तापवण्यासाठी लागणारी ही वाफ अनेक कारखान्यांत उष्णतेच्या खर्चाची सर्वांत मोठी बाब असते. बाहेर पडणाऱ्या गरम अमाइनने आत येणाऱ्या थंड अमाइनला तापवणारा हीट एक्स्चेंजर स्वच्छ ठेवणे आणि गरज पडल्यास मोठा करणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय त्याहून स्वस्त आहे, पण तो सहज दुर्लक्षिला जातो: अमाइन गरजेपुरतेच फिरवणे. तेलक्षेत्र म्हातारे झाले की येणारा वायू घटतो, पण सुरक्षिततेचा विचार करून पंप मूळ क्षमतेनेच चालू ठेवले जातात. मग जे द्रावण काहीच धरत नाही, तेही दिवसरात्र तापत आणि थंड होत राहते.

वायूतली वाफ काढली नाही, तर थंडीत आणि दाबाखाली पाणी व मिथेन मिळून बर्फासारखे हायड्रेट बनते आणि पाइप तुंबतात. म्हणून वायू ट्रायइथिलीन ग्लायकॉलमधून नेतात. हे ग्लायकॉल पाण्याबरोबर थोडा मिथेनही शोषते आणि ते उकळले की तो मिथेन हवेत सुटतो. उकळण्यापूर्वी दाब उतरवणारी एक साधी टाकी बसवली, तर त्यातला बराचसा मिथेन वेगळा होऊन इंधन म्हणून वापरता येतो.

इथेन आणि प्रोपेन द्रवरूपात काढायचे, तर वायू शून्याखाली बराच थंड करावा लागतो. अरुंद झडपेतून दाब उतरवला की वायू थंड होतो, हा जेम्स जूल आणि विल्यम थॉमसन यांनी १८५२मध्ये शोधलेला परिणाम. पण झडपेत दाबाची ताकद वाया जाते. त्याऐवजी वायू टर्बो-एक्स्पांडरच्या चाकावरून नेला, तर चाक फिरवताना तो स्वतःची ऊर्जा खर्च करतो. परिणामी दाबाच्या तेवढ्याच उतारात तो जास्त थंड होतो, आणि चाकाच्या आसाला जोडलेला कॉम्प्रेसर बाहेर जाणाऱ्या वायूचा दाब थोडा वाढवूनही देतो. नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेत हे यंत्र १९६०च्या दशकात आले आणि आज ते या उद्योगाचा कणा आहे.

इंधनाचे दुसरे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कॉम्प्रेसर फिरवणारी गॅस टर्बाइन. एकट्या टर्बाइनची कार्यक्षमता साधारण २५ ते ४० टक्के असते. उरलेली बहुतेक उष्णता सुमारे ५०० अंशांच्या धुरावाटे निघून जाते. त्या धुरावर वाफ तयार केली, की अमाइन उकळायला वेगळा बॉयलर पेटवावा लागत नाही. यालाच सहनिर्मिती म्हणतात. हजिऱ्याच्या सहनिर्मिती केंद्रातल्या दोन टर्बाइनची सुधारणा उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांची नोंद करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदली गेली होती. इथेही घटलेल्या प्रवाहाचा फटका बसतो. प्रवाह कमी झाला, की कॉम्प्रेसर बिघडू नये म्हणून दाबलेलाच वायू मागे आणून पुन्हा दाबावा लागतो. अशा वेळी चालू यंत्रांची संख्या कमी करणे किंवा लहान प्रवाहाला जुळणारी पाती बसवणे हेच खरे उत्तर ठरते.

टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी बसवणे हा मार्ग नॉर्वेने कोल्सनेस इथल्या प्रकल्पात वापरला. तिथली वीज बहुतांशी जलविद्युत असल्याने तो शहाणपणाचा आहे. भारताचे गणित वेगळे आहे. इथल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि ३० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बाइनचा आकडाही त्याच्या आसपासच येतो. टर्बाइनच्या धुराची उष्णता वापरात असेल, तर टर्बाइनच सरस. ग्रिडमधला कोळशाचा वाटा उतरेपर्यंत मोटारींची घाई केल्याने धूर फक्त दुसऱ्या जिल्ह्यात जाईल.

प्रक्रिया प्रकल्पाची दुरून दिसणारी खूण म्हणजे फ्लेअरची ज्योत. यंत्र अचानक बंद पडले, तर साचलेला दाब सुरक्षितपणे जाळून टाकण्यासाठी ती हवीच. पण रोज थोडाथोडा झिरपणारा वायू तिथे जाळण्याचे कारण नाही. तो फ्लेअरच्या मुख्य नळातच अडवून, दाबून, प्रक्रियेच्या तोंडाशी परत नेता येतो. मनोऱ्यावर मग फक्त ‘पायलट’ म्हणजे सतत पेटती ठेवलेली छोटी ज्योत उरते. उरण आणि हजिरा या दोन्ही ठिकाणचे असे फ्लेअर गॅस पुनर्प्राप्ती प्रकल्प स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदले गेले. फ्लेअरमध्ये ९८ टक्के मिथेन जळतो, असे उद्योग वर्षानुवर्षे धरून चालत होता. अमेरिकेतल्या तीन तेल-वायू खोऱ्यांवर विमानांतून केलेल्या मोजमापांचा अभ्यास २०२२मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यात विझलेल्या ज्योती धरून प्रत्यक्ष परिणामकारकता सुमारे ९१ टक्केच निघाली. म्हणजे न जळता सुटणारा मिथेन गृहीत धरल्याच्या चौपटीहून अधिक.

हा फरक गंभीर आहे. एक घनमीटर मिथेन पूर्ण जळला, तर सुमारे १.९ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच न जळता सुटला, तर १०० वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे २० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो, आणि २० वर्षांच्या हिशेबाने ५० किलोंच्याही वर जातो. सुटण्याच्या जागा अनेक आहेत: जीर्ण झडपा, जोडांच्या फ्लँज, वायूच्या दाबावर चालणारी नियंत्रक उपकरणे, कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग. तेलावर चालणाऱ्या जुन्या ‘वेट सील’ऐवजी ‘ड्राय सील’ बसवले, की केंद्रापसारी कॉम्प्रेसरची गळती अनेक पटींनी घटते. नियंत्रक उपकरणे वायूऐवजी दाबलेल्या हवेवर चालवली, की त्यांची गळती संपतेच. अभ्यास सांगतात, की सर्वांत मोठ्या ५ टक्के गळत्याच एकूण गळतीचा निम्म्याहून अधिक भाग असतात. म्हणून इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन वारंवार फिरणारे आणि मोठी गळती तातडीने बंद करणारे पथक, वर्षातून एकदा प्रत्येक जोड तपासून जाडजूड अहवाल लिहिणाऱ्या पथकापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

कार्यक्षमतेने सुटत नाही असा एक भाग मात्र उरतो: विहिरीतूनच आलेला कार्बन डायऑक्साइड. अमाइनने तो वेगळा केला, की सहसा हवेत सोडला जातो. नॉर्वेच्या उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर क्षेत्रात तो वायूच्या सुमारे ९ टक्के आहे आणि विक्रीसाठी तो २.५ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. नॉर्वेने १९९१मध्ये कार्बन कर लावला आणि १९९६पासून तिथली कंपनी हा वेगळा काढलेला वायू समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटरवरच्या उत्सिरा वालुकाश्मात भरू लागली. सुरुवातीच्या काळात प्रमाण वर्षाला सुमारे १० लाख टन. वायू वेगळा काढण्याचा मोठा खर्च विक्रीसाठी करावाच लागत होता. उरला होता तो फक्त दाबून खाली पाठवण्याचा, आणि कर लागताच तो परवडू लागला.