सिस्टर वॉर्ड यांची नजर

1956 साल. इंग्लंडच्या एसेक्समधलं रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळणाऱ्या सिस्टर जीन वॉर्ड चांगलं ऊन पडलं की बाळांना बाहेर मोकळ्या हवेत नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट दिसत होतं, पण एक त्रिकोणी भाग गडद पिवळा होता. तो भाग कापडाच्या कोपऱ्याखाली झाकला गेला होता. बाकीच्या अंगावरची कावीळ उन्हाने उतरली होती!

पुढे खिडकीपाशी उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्यही घटलेलं आढळलं. 1958 मध्ये तिथले डॉक्टर क्रेमर आणि सहकाऱ्यांचा यावरचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लेखकांत सिस्टर वॉर्ड यांचं नाव नव्हतं, ते असायला हवं होतं.

नवजात बाळाचं यकृत पुरेसं तयार नसतं, त्यामुळे बिलिरुबिन साठतं. फार वाढलं तर ते मेंदूत शिरून कायमची इजा करतं. सुमारे 460 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याच्या रेणूची रचना बदलतो. मग यकृताने प्रक्रिया न करताही ते पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडतं. प्रकाशाच्या या उपचाराने असंख्य बाळांचं रक्त बदलण्याची वेळ टळली.

आपल्याकडच्या नवजात कक्षांतले निळे दिवे याच निरीक्षणातून आले. मात्र घरच्या उन्हावर विसंबू नका. बाळ पिवळं दिसलं, विशेषतः पहिल्या 24 तासांत, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.