नवजात बालकाचे अंथरूण : बाळंतविडा आणि सुरक्षित निद्रेचे निकष

प्रास्ताविक :

महाराष्ट्रीय कुटुंबात बाळाच्या जन्मानंतर आप्तेष्टांकडून बाळंतविडा येतो. झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्या जोडीला त्यात छोटी गादी, मोहरीची उशी, दोन लहान लोड आणि जुन्या लुगड्यांची गोधडी असते. प्रस्तुत लेखिकेच्या घरीही असा बाळंतविडा आला, तेव्हा गृहविज्ञानाची अध्यापिका असूनही यांतील नेमके काय पाळण्यात ठेवावे, हे तिला चटकन सांगता आले नाही. या अनुभवातून प्रस्तुत लेखातील विवेचन घडले आहे.

मऊपणा आणि श्वसन :

बाळाचे अंथरूण जितके मऊ तितके चांगले, ही आपली समजूत मायेतून आली आहे. परंतु शरीरशास्त्र तिला दुजोरा देत नाही. शरीराच्या मानाने बालकाचे डोके जड व मानेचे स्नायू दुर्बल असतात. तोंड मऊ गादीत वा गोधडीच्या घडीत रुतले तर उच्छ्वासाची हवा तेथेच साचते आणि कर्बद्विप्राणिलयुक्त अशी तीच हवा बालक पुन्हा आत घेते. प्रौढ व्यक्ती अशा वेळी जागी होऊन कूस बदलते. काही बालकांत ही जागृतीची प्रतिक्रिया पुरेशी विकसित झालेली नसते. पहिले सहा महिने, त्यातही दुसरा ते चौथा महिना, विशेष जोखमीचे मानले जातात.

या विषयाची दीर्घकालीन आकडेवारी अमेरिकेत उपलब्ध आहे. बालकांना पालथे झोपवू नये, अशी शिफारस तेथील अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या संस्थेने १९९२ मध्ये केली व १९९४ पासून त्याविषयी देशव्यापी मोहीम राबविली गेली. १९९० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे आकस्मिक शिशुमृत्यूंचे प्रमाण सुमारे १३० होते. २०२० मध्ये ते सुमारे ३८ वर आले. अर्थात या घटीचा काही भाग मृत्यूच्या कारणांच्या वर्गीकरणातील बदलामुळे आहे, कारण अंथरुणात गुदमरून झालेल्या मृत्यूंची नोंद त्याच काळात वाढली. २०२२ मध्ये तेथे पाळण्याच्या कडेला बांधावयाच्या गाद्यांवर कायद्याने बंदी आली.

बाळंतविड्यातील वस्तूंचा विचार :

गादी सपाट व घट्ट असावी. तळवा दाबून उचलल्यावर खळगा राहत असेल तर ती गादी बाळासाठी नव्हे. नुकताच कापूस पिंजून भरलेली फुगीर गादी या कसोटीस सहसा उतरत नाही. गादी व पाळण्याची कड यांत दोन बोटांहून अधिक फट नसावी, तसेच पाळण्याच्या गजांमधील अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा कमी असावे. पिढीजात लाकडी पाळणे येथेच मोजून पाहावेत. मेणकापड चादरीखाली ताणून खोचावे, सैल ठेवू नये.

मोहरीच्या उशीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डोके गोल व्हावे हा तिचा हेतू, आणि उताण्या झोपेने डोके मागून चपटे होते ही आजीची तक्रार खोटी नाही. मात्र उशीने हनुवटी छातीकडे झुकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. शिवण उसवल्यास मोहरी नाकातोंडात जाण्याची भीती वेगळीच. बाळ जागे असताना, देखरेखीखाली, दिवसातून काही वेळ पालथे ठेवणे हा त्यावरील उपाय होय. बहुतेक बालकांत डोक्याचा आकार पुढे आपोआप सुधारतो.

झोळीला सरसकट दोष देणे प्रस्तुत लेखिकेस अन्यायाचे वाटते. ऊसतोडीच्या फडावर विंचूकाट्यापासून बाळाला वाचविणारे दुसरे साधन मजूर आईजवळ नसते. तथापि झोळीतही बाळाचे अंग वाकून हनुवटी छातीस टेकते, म्हणून घरात पर्याय असेल तेथे झोप लागताच त्याला सपाट अंथरुणावर ठेवावे.

थंडीचे काय, हा प्रश्न आपल्याकडे रास्त आहे. कमी वजनाच्या बालकास थंडी बाधते, हे खरेच. त्यासाठी सैल गोधडीऐवजी अंगात झबल्यांचा एक थर वाढवावा. मान व पाठ घामेजलेली लागल्यास तो थर कमी करावा. निरोगी बाळाचे टोपडे घरात झोपताना काढावे, कारण डोके हा उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग आहे. अकाली जन्मलेल्या बालकाबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा. गोधडी जमिनीवर अंथरून जाग्या बाळाला तिच्यावर खेळवता येते. पाळणा आईच्या खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर असावा.