ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलचे तेल

केज तालुक्यात मांजराकाठचा ऊस ट्रॅक्टरने वाहिला जातो. भरलेल्या ट्रॉलीचा सारा जोर मागील धुऱ्यातील डिफरन्शियलच्या दातांवर येतो. तेथे ९० क्रमांकाचे गिअर ऑइल घालण्याची जुनी रीत आहे. (हा आकडा इंजिनच्या तेलाच्या मापातला नव्हे, जाडीस ते इंजिनच्या ४० वा ५० क्रमांकाच्या तेलाइतकेच भरते.) परंतु पुष्कळ नव्या ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्याही त्याच तेलात बुडालेल्या असतात. साधे गिअर ऑइल तेथे घातल्यास चकत्यांची पकड बिघडते आणि भरली ट्रॉली उतारावर आवरत नाही. अशा ट्रॅक्टरास ‘वेट ब्रेक’ तेलच घालावे. ब्रेक कोरडे की तेलातले, हे शेतकऱ्याने माहितीपुस्तिकेत पाहूनच दुकानात जावे. जुने तेल पूर्ण काढल्यावाचून नवे ओतू नये.