वराहज्वराची लस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वराहज्वर, म्हणजे स्वाइन फिव्हर, हा स्वाइन फ्लूचाच एक प्रकार असून तो माणसालाही होतो, ही समजूत निराधार आहे. हा रोग केवळ वराहकुळातील प्राण्यांना होतो. शिवाय त्याचे क्लासिकल आणि आफ्रिकन हे प्रकार सर्वस्वी भिन्न विषाणूंमुळे उद्भवत असल्याने एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही.

याहून घातक गैरसमज चाचणीविषयीचा आहे. लस टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, आढळली की लस परिणामकारक ठरली असे मानले जाते. परंतु आफ्रिकन प्रकारात तरी प्रतिपिंडांवरून संरक्षणाची खात्री देता येत नाही. खात्रीसाठी प्रत्यक्ष विषाणू द्यावा लागतो. उदाहरणार्थ, क्लासिकल प्रकाराच्या जिवंत, म्हणजे क्षीण केलेल्या विषाणूच्या लसीची शक्ती ठरवताना पाच पिलांना पूर्ण मात्रेचा १/४० भाग, दुसऱ्या पाच पिलांना १/१६० भाग टोचतात, दोन पिले लसीविना ठेवतात आणि १४ दिवसांनी सर्वांना रोगाचा उग्र विषाणू देतात. मात्रा मुद्दाम इतकी विरळ करण्याचे कारण असे की, पूर्ण मात्रेने सगळीच पिले वाचली, तर लस जेमतेम पुरेशी आहे की भक्कम, हे कळण्यास मार्ग उरत नाही. लसीच्या शंभराव्या भागानेही निम्मी पिले वाचावीत, ही अपेक्षा या विरळ मात्रांतूनच पडताळता येते. लसीविना ठेवलेली पिले आजारी पडली नाहीत, तर लस दिलेली पिले धडधाकट राहूनही चाचणी बाद ठरते, आणि ते योग्यच आहे.

परिणामकारक लस आपोआप सुरक्षित असते, हेही खरे नाही. सुरक्षितता पडताळण्यासाठी पिलांना दहापट मात्रा देऊन ताप व भूक पाहतात, गाभण माद्यांमध्ये विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो का हे तपासतात, आणि क्षीण विषाणू एका पिलातून दुसऱ्यात असा ओळीने संक्रमित करून तो पुन्हा उग्र होतो का याची शहानिशा करतात. व्हिएतनामने जून २०२२ मध्ये आफ्रिकन वराहज्वराच्या जिवंत लसीला परवाना दिला आणि ऑगस्टमध्ये लस दिलेले प्राणी दगावल्यावर तिचा वापर थांबवला. ती लस ८ ते १० आठवड्यांच्या पिलांसाठी होती.

वेष्टनावरील वयाची अशी अट ही चाचणीने सिद्ध झालेली मर्यादा असते, म्हणून वराहपालकांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना ती ओलांडू नये.