कोरडवाहू मुलखातील शेत विकताना

सुगी आटोपली म्हणजे आपल्याकडे धनगर शेतात मेंढरे बसवतो. शेत कुणब्याचे, मेंढरे धनगराची, आणि खताच्या मोबदल्यात धान्य, असा तो जुना व्यवहार. ऑस्ट्रेलिया खंडात दक्षिण ऑस्ट्रेलिया याच नावाचे एक राज्य आहे. तेथे हा कुणबी आणि हा धनगर एकच असतो. गहू किंवा जव काढावा, धसकटांवर मेरिनो मेंढ्या चाराव्यात, मग वर्षभर लसूणघासाच्या कुळातील वैरण वाढू देऊन रानाला विसावा द्यावा, अशी त्या शेतीची घडी आहे. पाऊस वर्षाला बारा-चौदा इंच, तोही बहुतेक जून ते ऑगस्टच्या थंडीत. असल्या मुलखात दहा हजार एकर एकाच कुटुंबाचे असणे नवलाचे नाही. आपला कमाल जमीनधारणेचा कायदा कोरडवाहू जमिनीला 54 एकरांशी थांबवतो, तेव्हा हा आकडा ऐकून कोणाला जमीनदारी आठवेल. पण ते दहा हजार एकर आईबाप, एक मुलगा आणि एखादा गडी मिळून यंत्रांच्या बळावर कसतात. असे शेत विकण्याची वेळ का येते, आणि विकतात म्हणजे काय काय विकतात, हे आज आम्हांला सांगायचे आहे.

प्रथम जमिनीच्या मोलाविषयी. 1865 साली, मोठ्या अवर्षणानंतर, तेथील सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर घोड्यावरून हिंडले आणि अवर्षणाची झळ कोठवर पोचली ते पाहून त्यांनी नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेस धान्य पिकेल, उत्तरेस केवळ मेंढ्या चराव्यात. पुढे काही वर्षे पाऊस चांगला झाला. नांगर गेला की त्याच्यामागून पाऊस येतो, असे लोक छातीठोकपणे सांगू लागले, आणि 1874 साली रेषेचे बंधन उठले. रेषेपलीकडे वसलेल्या एका गावाचे नाव तर ‘फरीना’ ठेवले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पीठ. 1880 नंतरच्या दुष्काळांनी गव्हाचा तो मनोरथ मोडला. आज फरीनात दगडी भिंतींचे अवशेष आहेत. गॉयडरची रेषा मात्र जमिनीच्या भावात अजून जिवंत आहे. घेणारा प्रथम पाऊसमान विचारतो, आणि कुरणाच्या जमिनीत एकराऐवजी ती किती मेंढ्या बारमाही पोसेल हे मोजतो.

मालकीच्या कागदाची चिंता तेथे फारशी नसते. रॉबर्ट टॉरेन्स यांनी 1858 साली त्याच प्रांतात अशी पद्धत आणली, की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक. आपला सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे ज्यांनी कोर्टाची पायरी चढली आहे त्यांना आम्ही सांगायला नको.

तेव्हा अडचण कागदात नाही, घरात आहे. फेब्रुवारी 1991 मध्ये लोकरीच्या हमीभावाची योजना कोसळली, तेव्हा 47 लक्ष गाठी गोदामांत पडून होत्या. त्या संकटातून आणि अनेक अवर्षणांतून तरलेली कुटुंबेही पुढे शेत विकतात, ती वाटणीपायी. समजा, शेताची किंमत नव्वद लाख डॉलर आहे आणि मुले तीन. धाकटा शाळा सुटल्यापासून शेतावर राबतो आहे. भाऊ आणि बहीण शहरात. तिघांना सारखा वाटा म्हणजे धाकट्याने साठ लाख उभे करायचे. सहा टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज तीन लाख साठ हजार. आता शेत नव्वद लाखांवर खर्च वजा जाता चार टक्के सोडते असे धरू: तेही तीन लाख साठ हजारच! मुद्दल फेडायला आणि खायला काही उरत नाही. तुकडे करावे तर यंत्रांचा खर्च तुकड्याला झेपत नाही. आणि शेजारी? त्याच्यापाशी यंत्रे आधीच आहेत. आणखी हजारो एकर त्याच यंत्रांत बसतात, म्हणून धाकट्याला न परवडणारा भाव त्याला परवडतो.

यात कोणाचे चुकले? बहिणीचा हक्क आम्हांला नाकारवत नाही. पूर्वी तो सर्रास डावलला जाई. पण “हे सारे पुढे तुझेच” या बापाच्या शब्दावर तुटपुंज्या मजुरीत वीस वर्षे काढलेल्या मुलाचे काय? पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका फळबागेचा असा तंटा थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1999 साली न्यायालयाने मुलाला दिलेल्या शब्दाची किंमत मानली. परंतु जमीन न देता पैशात भरपाई दिली. शब्द वेळेवर कागदावर उतरवला, तर पुष्कळ घरे वाचतील असे आम्हांला वाटते. पण बापासमोर हा विषय काढायचा कोणी?

विक्री ठरली, की उभे पीक कोणाचे हा पहिला प्रश्न. म्हणून पुष्कळदा ताबा कापणीनंतरचा ठरवतात. मेंढ्या फाटकातून एकेक मोजून द्याव्या लागतात. कधी जमीन, जनावरे, यंत्रे असे सारे एकाच घेणाऱ्याला जाते. एरवी अवजारांचा लिलाव शेतावरच होतो. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, लोकर कातरण्याची हत्यारे, तारेची भेंडोळी, आजोबांच्या वेळची ऐरण, सारे माळावर ओळीने मांडतात. लिलाव करणारा ओळीओळीने पुढे सरकतो आणि शेजारीपाजारी त्याच्यामागून चालतात. चहा-फराळाचे दुकान बहुधा गावचा फुटबॉल क्लब मांडतो. त्या दिवशी त्याची मिळकत चांगली होते. पण शेत शेजाऱ्याने घेतल्यावर तेथल्या घरात कोणी राहायला येतेच असे नाही; मुले कमी होतात, आणि अकरावर भागत नाही, त्यांच्या खेळात गडी अठरा लागतात. कित्येक गावांच्या क्लबांनी म्हणून शेजारच्या गावाच्या क्लबाशी जोडून घेतले आहे.