बाणगंगेच्या बदकांना दाणा पुरे, आता दार हवं

कबुतरांना दाणा टाकला जाऊ नये म्हणून दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री, ऑगस्ट २०२५ मध्ये ती फाडणारा जमाव, उच्च न्यायालयातल्या सुनावण्या, हे सगळं आता वाचकांना पाठ झालं आहे. सी. पी. टँकचा कबुतरखाना तर गिरगावकरांच्या रोजच्या वाटेवरचा, त्यामुळे इथे प्रत्येकाचं त्यावर मत आहे. कबुतरांबद्दल डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून झालंय. मला त्याच मुठीतल्या दाण्याबद्दल बोलायचंय, पण तो दाणा वाळकेश्वरला गेल्यावर काय करतो त्याबद्दल. पितृपक्षात गिरगावातली निम्मी घरं तिथल्या बाणगंगा तलावाकडे वळतात. पायऱ्यांवर पिंड, भात, पीठ, फुलं, आणि पाण्यात बदकं नि पांढरे हंस. मुलांच्या हातात पाव दिला जातो आणि पाव पाण्यात पडतो. सगळ्यांना वाटतं, पाखरांची सोय झाली.

तशी ती होत नाही. कबुतर निदान उडून जाऊ शकतं. पाळीव बदकाची उडण्याची ताकद माणसाने पिढ्यान्‌पिढ्या काढून घेतली आहे. पाळीव बदकांच्या बहुतेक जाती ज्या रानटी मॅलार्ड बदकापासून निघाल्या, त्याचं वजन साधारण एक किलो. त्याच वंशातलं पांढरं पेकिन बदक तीन-चार किलोंचं होतं. एवढा देह ते पंख उचलू शकत नाहीत. (मस्कोव्ही हा अपवाद. ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं, वेगळ्याच प्रजातीचं, आणि बऱ्यापैकी उडतं.) म्हणजे तलावावरचं पांढरं बदक हे रानपाखरू नाही, गाईम्हशींसारखं ते कुणाचं तरी जनावर आहे. गाईला रात्री गोठा लागतो हे कुणाला सांगावं लागत नाही. बदकाच्या बाबतीत मात्र दाणा टाकला की कर्तव्य संपलं, असा आपला समज आहे.

बाणगंगेच्या आसपास शिकारी कोण आहेत? बिबट्या नाही, तो बोरिवली आणि आरेच्या बाजूला. इथे आहेत घारी, कावळे, मांजरं, भटकी कुत्री, घुशी, आणि मलबार हिलच्या झाडीत मुंगूस. रात्री तलावाकाठी रातबगळाही येतो. मोठ्या बदकाला कुत्र्याची भीती सगळ्यात जास्त. पिल्लांना तर सगळ्यांचीच: घार वरून उचलते, कावळा काठावरून, आणि घूस अंधारात खालून येते.

इथे एका माणसाबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण हंस म्हटलं की मला तोच आठवतो. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेंट्झ. कलहंसाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जो दिसेल त्यालाच आई मानून त्याच्या मागे चालतात, हे त्यांनी दाखवलं. पिल्लांची रांग मागे घेऊन चालणाऱ्या, दाढीवाल्या लोरेंट्झचे फोटो जगभर पोचले. १९७३ साली त्यांना निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. पण मला त्यांचा दुसरा एक प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३७ च्या सुमारास लोरेंट्झ आणि टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची एक पक्ष्याची आकृती कापली. तिचं एक टोक आखूड, दुसरं लांब. ती पिल्लांच्या डोक्यावरून तारेवर सरकवायची. लांब टोक पुढे ठेवून सरकवली तर ती मान ताणून उडणारा हंस वाटते. तीच आकृती उलट दिशेने नेली तर आखूड मानेची, लांब शेपटीची शिकारी घार. पुठ्ठा तोच, बदलली फक्त दिशा, आणि तेवढ्याने पाखरं घाबरून लपायला धावली. शिकाऱ्याची ओळख जन्मजात असते, असा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

पुढे लोरेंट्झ यांच्याच सहकाऱ्याने, व्होल्फगांग श्लाइट यांनी, १९६१ मध्ये टर्कीच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्या निष्कर्षाला मोठी दुरुस्ती सुचवली. पाखरं एखाद्या ठराविक आकाराला घाबरत नाहीत. जो आकार क्वचित दिसतो त्याला घाबरतात. जो रोज दिसतो त्याची भीती मरते. आता गिरगाव चौपाटीवर उभं राहून वर पाहा. वर्षाचे बारा महिने, दिवसाचे सगळे तास आकाशात घारी. या शहरातल्या पाळीव बदकाला घार म्हणजे ढगाइतकी नेहमीची गोष्ट होऊन जाणार, असं मला श्लाइट वाचल्यावर वाटू लागलं. त्याच्या सावधपणावर आपण भिस्त ठेवू शकत नाही. आणि जिथे दाणा, पाव, मासे यांची रेलचेल, तिथे घारी-कावळ्यांची गर्दी आणखी वाढते. आपणच शिकाऱ्याला रोजची हजेरी लावायला शिकवतो आणि आपणच पाखराची भीती मोडतो.

रात्रीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेत नील्स रॅटनबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅलार्ड बदकं ओळीने झोपवून पाहिली. मधली बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपत. ओळीच्या टोकावरची बदकं मात्र अर्धाच मेंदू झोपवून, बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवण्यात कितीतरी जास्त वेळ घालवत. ज्या पाखराला भिंतीचा आधार नाही, त्याला पुरती झोपच मिळत नाही. उघड्या पायरीवर रात्र काढणारं बदक जिवंत राहिलं, तरी ते असं राहतं.

म्हणून दार. बदकाला खुराडं उंच लागत नाही, ते कोंबडीसारखं दांडीवर बसत नाही. जमिनीलगत, कोरडं, वरून हवा खेळणारं, खाली भाताचा पेंढा, एवढं पुरे. ओल राहिली तर पायाला गळवं होतात. जाळीत मात्र बहुतेक लोक फसतात. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी बदकाला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो दाताने ओढून फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्यावी, आणि ती जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी, म्हणजे घूस उकरत आली तरी तिला जाळीच लागते. कडी अशी की साध्या धक्क्याने उघडणार नाही. सूर्य मावळायच्या आत पाखरं आत. सकाळी मात्र घाई करू नये. बदकं बहुतेक अंडी पहाटेपासून नऊच्या आत घालतात. नऊनंतर दार उघडलं की अंडी पेंढ्यातच सापडतात, काठावर पडून कावळ्याचा नाश्ता होत नाहीत. रात्री खाद्याचं भांडं उचलून ठेवायचं. उरलेल्या दाण्यावर उंदीर-घुशी येतात, आणि त्यांच्यामागे मांजर आणि साप. पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. बदकाच्या पिल्लांना तर कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, ते पावातून पुरेसं मिळत नाही.

पितृपक्षाचा दुसरा धोका पाण्यातला आहे. तलावात इतकं अन्न सडलं की प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. बाणगंगेत असे मेलेल्या माशांचे थर मुंबईने अनेकदा पाहिले आहेत. कुजणाऱ्या माशांत आणि त्यांवरच्या अळ्यांत बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. ते पोटात गेलं की बदकाची मान लुळी पडते आणि ते पाण्यात बुडतं. मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढणं ही तलावाच्या सफाईइतकीच पाखरांच्या जिवाची बाब आहे. ११२७ साली शिलाहारांच्या काळात बांधलेलं, १७१५ मध्ये रामा कामतींनी नव्याने उभारलेलं हे तळं आपण वारसा म्हणून जपतो. गौड सारस्वत ब्राह्मण टेंपल ट्रस्टकडे त्याची मालकी आहे. महापालिका त्याच्या डागडुजीवर खर्च करते. त्या खर्चात एका बंद खुराड्याची जागा निघावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

यातून शिकाऱ्यांवर राग काढायचं काहीच कारण नाही. मुंगूस आणि घार दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. सापळा किंवा विष लावणं गुन्हा आहे, आणि मुंगूस गेलं की घुशी मोकाट होतात. शिवाय धोका उलट्या दिशेनेही जातो. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि जानेवारीत निदान आलं: बर्ड फ्लू. त्याच महिन्यात खाडीपलीकडे, उरणच्या चिरनेरमध्ये कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. महाराष्ट्राने हा रोग पहिल्यांदा २००६ मध्ये नवापूरला पाहिला, तेव्हा तो कोंबड्यांचा रोग वाटला होता. बदकं हा विषाणू अनेकदा स्वतः आजारी न दिसता वाहून नेतात. त्यामुळे मोकळ्या तलावातलं पाळीव बदक हा पाहुण्या रानबदकांमधला आणि घार-मांजरामधला दुवा ठरू शकतो.

क्रॉफर्ड मार्केटातून मुलांसाठी आणलेलं पिवळं पिल्लू चाळीच्या खोलीत दोन-तीन महिन्यांत मावेनासं होतं. त्याला तळ्यात नेऊन सोडणं म्हणजे पुण्य नव्हे. आणायच्या आधी त्याच्या रात्रीचा विचार करावा, आणि आणलंच असेल तर खुराडं असलेल्या माणसाच्या हाती द्यावं.

ऑक्टोबरपासून उत्तरेकडची रानबदकं मुंबईच्या आसपासच्या पाणथळींवर उतरू लागतात. त्याआधी तलावावर टाकलेला दाणा थांबवावा, पाखरांचं खाणं काठावर, छपराखाली, ठरल्या वेळी आणि एकाच माणसाच्या हातून व्हावं. एकाच वेळी दोन-तीन पाखरं मेलेली आढळली तर हात लावू नये, मुलांना लांब ठेवावं आणि पशुसंवर्धन विभागाला किंवा वॉर्ड ऑफिसला त्याच दिवशी कळवावं.